तरुण बाईचा बीपी आणि मूत्रपिंडाची धमनी

महोदय,

पस्तिशीच्या आतल्या बाईचा बीपी १६०/१०० निघाला की गावात ‘टेन्शन घेते’ म्हणून विषय मिटतो. तो मिटू नये. यामागे फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया हा धमनीच्या भिंतीचा आजार असू शकतो. त्यात धमनी मण्यांच्या माळेसारखी कुठे आवळते, कुठे फुगते. प्रौढ रुग्णांत दहापैकी सुमारे नऊ बायाच. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचले की ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते आणि बीपी चढतो. मानेतल्या धमनीत बिघाड असेल तर डोके दुखते, कानात नाडीसारखे ठोके ऐकू येतात.

मूत्रपिंडाच्या धमनीच्या डॉपलरबद्दल (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) डॉक्टरांना विचारा. तो साफ निघूनही शंका उरली तर सीटी अँजिओग्राफी (धमन्यांचा सीटी स्कॅन) लागते. आपल्याकडे तरुणींत टाकायासू या धमन्यांना सूज आणणाऱ्या आजारानेही धमनी आवळते, म्हणून ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या पाहाव्यातच. डिस्प्लेसियात फुग्याने धमनी रुंद करता येते, स्टेंट (धमनीत बसवायची जाळी) सहसा लागत नाही. रामिप्रिलसारखी बीपीची गोळी सुरू झाली की एक-दोन आठवड्यांत रक्तातले क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) तपासा. दोन्ही बाजूंच्या धमन्या आवळलेल्या असल्यास ते झपाट्याने वाढते. दिवस राहिले तर ही गोळी चालत नाही, लगेच सांगा.

खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) बंद. आणि मान लचकली म्हणून झटका देऊन ‘मोकळी’ करणे तर अजिबात नको, धमनीचा आतला थर फाटून लकवा होऊ शकतो.

— एक आरोग्यसेविका, ता. आर्वी, जि. वर्धा