तोंडी लावायला मासळी

महोदय,
पाच भाकरी आणि दोन माशांत येशूने हजारोंना जेवू घातल्याची गोष्ट बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रांत) आहे. त्यांतले तिघे लेखक मूळ ग्रीकमध्ये माशाला ‘इख्थिस’ म्हणतात. चौथा, योहान, मात्र ‘ऑप्सारियॉन’ लिहितो. मूळ ‘ऑप्सॉन’ म्हणजे भाकरीबरोबर खायचे कालवण, तोंडी लावणे. पुढे त्याचाच अर्थ मासळी झाला. आजचा ग्रीक ‘प्सारी’ त्यातलाच. बायबलच्या नव्या करारात ‘ऑप्सारियॉन’ हा शब्द योहानाखेरीज कुणी वापरलेला नाही. त्याच्या २१व्या अध्यायात तो पुन्हा येतो, तिथे किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासळी भाजते आहे. आमच्या मालवणात ‘आज निस्त्याक (तोंडी लावायला) काय?’ विचारतात, तेव्हा मासळीच अभिप्रेत असते (श्रावण सोडून!). मराठी भाषांतरात नुसते ‘मासे’ वाचताना योहानाच्या गोष्टीत ज्या मुलाकडे त्या भाकरी आणि मासे होते, त्याची शिदोरी दिसत नाही.

– एक वाचक, मालवण