'ठरूक नाय' लिहिणाऱ्या भाऊंना

सप्रेम नमस्कार भाऊ.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवायचं ठरवलं होतं. आई म्हणाली, "पाकिटात कित्याक? चार लोकांनी वाचूक होयां." म्हणून हे असं उघड्यावर लिहितेय. तुमचं नाव मात्र घालत नाही. रोज सगळ्या मालवणाची खबर फळ्यावर लिहिता आणि खाली स्वतःचं नाव कधी लिहीत नाही, मग मी कशाला लिहू? बाजारपेठेतून येणाऱ्या-जाणाऱ्यांना कळेलच कोण ते.

आईला नागपुरात येऊन पन्नास वर्षं झाली. बाबा रेल्वेत होते, आधी अजनीला क्वार्टर, मग मानेवाड्याला घर. झीरो माईलचा दगड असलेल्या शहरात नवऱ्याने आणून ठेवलं, म्हणजे समुद्र कुठल्याही बाजूने सारखाच लांब, असं ती अजून ऐकवते. बाबा गेले, गावचं घर बंद झालं, चुलतभाऊ मुंबईला गेले. गावात फोन करून विचारावं असं माणूसच उरलं नाही. आणि तिला तर एकच गोष्ट विचारायची असते. आंगणेवाडी कधी?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते (आमच्या मानेवाड्यात हे मी निदान पन्नासदा सांगितलं असेल). मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा कॅलेंडरात सापडत नाही. आमच्या नागपूरच्या मारबतींचं बरं आहे, पोळा झाला की दुसऱ्या दिवशी निघाल्याच. देवीच्या जत्रेला तिथी नाही. शेतीची कामं उरकली की देवीला कौल लावतात, पारध म्हणजे शिकार होते, मग तारीख ठरते. 2023 ला ती 4 फेब्रुवारीला होती, 2024 ला 2 मार्चला. दीड दिवसाची जत्रा, आणि त्यासाठी अख्खी मुंबई रिकामी होते. ज्याला तारीख कळली तो पोचला, नाही कळली तो बसला घरी.

आम्हाला कळली होती! 2024 च्या जानेवारीत इथल्याच आपल्या लोकांच्या एका मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला, "4 फेब्रुवारी, आंगणेवाडी, सर्वांनी लाभ घ्यावा." पुढे तीन फुलं आणि हात जोडलेले. मी खात्री करायला मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "हो हो, बरोबर आहे, मीच टाकलाय." दुसऱ्याला विचारलं, त्यानेही तोच मेसेज पाठवला. पाच जणांकडून एकच मेसेज आला आणि मला वाटलं पाच साक्षीदार झाले. मेसेज आदल्या वर्षीचा होता. त्यात वर्ष लिहिलेलंच नव्हतं. तारखेचा वारसुद्धा मी पाहिला नाही, ही चूक माझी, कबूल.

शनिवारी मडगाव गाडीत बसलो, रविवारी दुपारी कुडाळला उतरलो. आईच्या मांडीवर ओटीची पिशवी होती, ती तिने रात्रभर खाली ठेवली नव्हती. आंगणेवाडीला पोचलो तर रस्ता मोकळा. इतका मोकळा की रिक्षावाल्यानेच मागे वळून पाहिलं. देवळाजवळ एक जण झाडत होता. तो म्हणाला, "आज काय नाय. जत्रा दोन मार्चाक." आईने आत जाऊन शांतपणे ओटी भरली. बाहेर येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "देवी आसा, पण जत्रा नाय." पुढे काही बोलली नाही. महिन्याभराने पुन्हा येण्याइतकी रजा माझ्याकडे नव्हती, हे तिला माहीत होतं.

नागपूरला परतल्यावर मी त्या पदाधिकाऱ्यांना सांगितलं. उत्तर आलं, "अरे, आम्हालाही कोणीतरी पाठवलेला." त्याखाली पुन्हा हात जोडलेले. असो.

पण परतायच्या आधी, आंगणेवाडीच्या दुसऱ्या दिवशी, आईला निदान खाजं तरी घेऊन द्यावं म्हणून मालवणात थांबलो होतो, तिथे तुमचा फळा दिसला. दुकानाच्या शटरला टेकवलेला, शाळेत असायचा तसला, लाकडी चौकटीचा. मी वाचत उभी राहिले. धुरीवाड्यात 10 ते 2 वीज बंद. मेढ्यात एक मयत. दशावताराचा दहीकालो आज कुठल्या देवळात. पांढरी मांजर हरवली, एक डोळा निळा. आणि शेवटी, "आंगणेवाडी 2 मार्च." मला रडू आलं, राग पण आला, कोणावर ते कळेना. तुम्ही आतून विचारलंत, "काय झालां?" मी सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. "फोन करूचो होतो," एवढंच म्हणालात. ज्याला ओळखत नाही त्याला फोन कसा करणार, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. तुम्ही माझा नंबर घेतलात आणि त्या संध्याकाळपासून फळ्याचा फोटो यायला लागला.

भाऊ, वर्षभर आमच्या घरात नागपूरच्या आधी मालवणच्या बातम्या वाचल्या गेल्या. बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलर घरघरतोय, आणि आई चष्मा लावून बघतेय की किल्ल्याच्या होड्या बंद झाल्या का. 1 जूनला मासेमारी बंद, 31 जुलैपर्यंत. आई लगेच म्हणाली, "आता दोन महिने सुक्यावर." जणू इथे मानेवाड्यात रोज ताजा बांगडा येतो! नारळी पौर्णिमेला बंदरावर किती वाजता, पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी कुठून कुठे, हे तिला पाठ आहे, तरी तिला तुमच्या अक्षरात वाचायचं असतं.

26 ऑगस्टला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा पडला, तेव्हा संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर सतरा कारणं येऊन पडली होती, प्रत्येक जण छातीठोक. तुमच्या फळ्यावर दोन ओळी होत्या. "राजकोटावरील महाराजांचा पुतळा आज दुपारी कोसळला. कारण समजलेले नाही." मला वाटतं मी तुम्हाला त्या दिवशी ओळखलं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ते सांगते.

दिवाळी झाली आणि आईने धोशा लावला. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, तेवढ्यात तारीख कळायला हवी. मी तुम्हाला विचारलं, "भाऊ, अंदाजे सांगा ना, फेब्रुवारीचा पहिला की शेवटचा आठवडा?" तुमचा आवाजी मेसेज अजून जपून ठेवलाय. "अंदाज माझो, तिकीट तुमचां. चुकलो तर काकी परत मोकळ्या रस्त्यार उभी रवतली. ठरला की पयलो फोन तुमका." मला जरा लागलं, खोटं का बोलू. एवढं काय, अंदाज तर विचारला होता.

त्या संध्याकाळच्या फळ्यावर तळाला नवी ओळ आली. "आंगणेवाडी : अजून ठरूक नाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला आधी वाटलं, तुम्ही वरचं पुसता आणि ही ओळ तशीच राहते. मग आईनेच दाखवलं, आज 'ठ' पोटुसा आहे, काल सडपातळ होता. रोज नवीन लिहीत होतात. मधले दोन दिवस ती ओळ गुलाबी खडूची होती, पांढरा संपला असणार. जे घडलेलंच नाही त्याची बातमी तुम्ही रोज देत होतात, आणि मालवणात ज्याला त्याला ठाऊक होतं की ठरलं नाही, म्हणजे ती ओळ मालवणासाठी नव्हतीच.

आई रोज वाचायची, "ठरूक नाय," आणि फोन खाली ठेवून निवांत चहा प्यायची. मला हे समजायला वेळ लागला. तिला तारीख हवी होती हे खरं, पण त्याहून जास्त हवं होतं ते हे की तारीख ठरेल तेव्हा आपल्याला कळेल. 'नाही' असं कोणीतरी रोज सांगतंय म्हणजे 'हो' पण तोच सांगणार. शेजारच्या काकू गच्चीवरून ओरडायच्या, "काय वो, झालं का तुमच्या जत्रेचं?" आणि आई खालून, "ठरूक नाय!" माझ्या मुलाला अभ्यास झाला का विचारलं तर तोही म्हणायला लागला, "होवक नाय." त्याला मी त्याबद्दल धपाटा दिला, पण हसून.

आणि मग तो दिवस आला, तारीख काही आठवत नाही. त्या दिवशी फळा गच्च भरलेला होता. तीन मयतं, पाच वाड्यांची वीज बंद, दहीकाल्यांची मोठी यादी, वर कोणाचा तरी बैल हरवलेला. आईने तळाशी पाहिलं, ओळ नव्हती. तिचा चेहरा मला अजून दिसतो. मी फोटो मोठा करून सरकवत राहिले आणि उजव्या बाजूच्या लाकडी चौकटीवर, उभ्या अक्षरांत, खडू नीट उठत नव्हता म्हणून दोनदा गिरवलेलं दिसलं. "आंगणेवाडी ठरूक नाय."

जागा नव्हती म्हणून चौकटीवर लिहिलंत! त्या दिवशी कोणी तुम्हाला विचारणार नव्हतं. एक दिवस ती ओळ राहून गेली असती तर मी काही म्हणणार नव्हते. आईने फोन आडवा धरून ते वाचलं, मग मान तिरकी करून पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "ह्या माणसाच्या आवशीन ह्याका बरां वाढयल्यान." आवस म्हणजे आई.

आमच्याकडे नागपुरात पत्ता विचारा, "मला माहीत नाही" असं कोणी म्हणणार नाही. "सरळ जा, मग कोणालाही विचारा." सगळ्यांनी सरळ पाठवलेला माणूस बुटीबोरीला पोचतो. माझ्या नोकरीत समोर बसलेल्याला "आत्ता सांगता येत नाही, कळलं की कळवते" म्हणायला मला स्वतःला जड जातं. वाटतं, आपण कमी पडलो. मग काहीतरी ठोकून देतो, आणि समोरचा त्यावर रजा टाकतो, तिकीट काढतो, म्हातारीला घेऊन निघतो. त्या पदाधिकाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला आता कळतं, त्यांना फक्त 'माहीत नाही' म्हणवलं नाही. मालवणात एका दुकानदाराला म्हणवतं, तेही रोज, तेही खडूने, हे पाहिल्यापासून मी ऑफिसात दोनदा तरी म्हणून बघितलं. आभाळ कोसळलं नाही.

तारीख ठरली त्या संध्याकाळी फोटो आला नाही, फोन आला. तुम्ही म्हणालात, "काकीक द्या." मला सांगितलं नाहीत. आईने फोन कानाला लावला, नुसतं "हां, हां" म्हणाली, आणि मग ठेवून मला म्हणाली, "बावीस फेब्रुवारी. शनवार." वार तिने मुद्दाम सांगितला, माझ्याकडे बघून.

जत्रेबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही दर वर्षी बघता. रांग, धूळ, गर्दीत हरवलेली माझी एक चप्पल. आई चार तास उभी राहिली, मला बसावं लागलं. रात्री आंगण्यांच्या बायका न बोलता प्रसाद रांधतात हे तिने मुलाला इतक्यांदा सांगितलं होतं की तोही देवळाजवळ कुजबुजत बोलत होता. ओटी भरताना तिने काय मागितलं ते सांगत नाही, तुमचं नाव ऐकू आलं एवढंच सांगते.

मृग बहराची संत्री आणली होती, एक पेटी. तुम्ही दुकानात नव्हतात, शेजारी ठेवून गेलो. वाटलं, कोणी सांगेल की नाही. आम्ही गाडीत असतानाच त्या संध्याकाळचा फोटो आला. वीज, एक बारसं, रापणीला काय मिळालं, आणि मध्येच, "नागपूरहून संत्री इली. गोड आसत."

आभार हा शब्द आईला आवडत नाही, ती म्हणते आभार परक्याचे मानतात. माझा नाइलाज आहे, मी नागपूरची. तेव्हा मनापासून आभार, भाऊ.

आणि एक. आईचं माहेर आचऱ्याचं. सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री घरदार सोडून वेशीबाहेर राहायला जातो ती गावपळण तिला मुलाला दाखवायची आहे. तीही रामेश्वराच्या कौलावर, कॅलेंडरात नाही. पुढची कधी, असं तिने विचारायला सांगितलंय. घाई नाही, तीन-चार वर्षं जातील हे तिला ठाऊक आहे. ठरली नसेल तर तसं लिहा. फळ्यावर जागा नसली तर चौकटीवर.

तुमची,
मानेवाड्याच्या काकीची मुलगी