पेठेतल्या बंद तालमीचं दार उघडा

महोदय,

आमच्या बोळाच्या तोंडाशी दिव्याचा खांब आहे. त्यावरचा दिवा वर्षभर बंद आहे. त्याखालच्या पायरीवर बसणाऱ्या पोरांपैकी एकाला मी लहानपणापासून बघते. पेठेच्या संघातून फुटबॉल खेळायचा. सामना जिंकला की गुलालानं माखून माझ्या दारात पाणी मागायला यायचा. दहावीत अडकला, संघ सुटला, पायरी धरली. परवा शंभर रुपये मागायला आला तो भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून. बाही सरकली तेव्हा कोपराच्या आत सुईच्या खुणा दिसल्या.

सुरुवात गांजाच्या पुडीनं झाली. पुढं कुणीतरी जिममध्ये 'ताकद येते' म्हणून मेफेंटरमाईन टोचलं. भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब चढवायचं हे औषध! पहिलं फुकट, मग उधारीवर. उधारी फेडायची तर चार गिऱ्हाईकं आण. आता तोच विकतो. नशा करणारा वेगळा आणि विकणारा वेगळा, असं आमच्या बोळात तरी राहिलेलं नाही.

मागं पोलिसांनी एकाला उचललं. आठवडाभर शांतता होती, मग त्याच पायरीवर दुसरा येऊन बसला. अंधार तोच, आणि संध्याकाळी सात वाजता पोरानं जायचं कुठं, हा प्रश्नही तोच.

शाहू महाराजांनी या गावात कुस्तीला राजाश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं. तालमीत नुसती मेहनत नव्हती. पोरगा दोन दिवस दिसला नाही तर वस्ताद घरी माणूस धाडायचा. आमच्या तालमीच्या हौद्यात आज गणपतीच्या मांडवाचे बांबू रचलेत.

त्या पोराची आई उपचाराला न्यायला घाबरते. पोलीस धरतील म्हणते. अशा आयांसाठी सांगते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात ६४ अ कलम आहे. केवळ सेवनाच्या किंवा अल्प मालाच्या गुन्ह्यातल्या व्यसनी माणसानं स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. सरकारची मदतवाहिनी १४४४६ आहे.

२६ जूनला शाहू जयंती आणि जागतिक अमली पदार्थविरोधी दिन एकत्र येतात. त्याआधी महापालिकेनं आमच्या खांबावर दिवा लावावा. मंडळानं बांबू हलवून तालीम रोज संध्याकाळी उघडावी. झाडलोटीला आम्ही गल्लीतल्या बायका येतो.

– एक रहिवासी, मंगळवार पेठ, कोल्हापूर