चक्की सिरॅमिकची, गंज स्प्रिंगला: मिठाच्या ग्राइंडरबद्दल तक्रार

सोलापूर
दिनांक: 4 मे

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी
(कंपनीचे नाव व पत्ता पाकिटावर लिहिल्याप्रमाणे)

विषय: हाताने फिरवायच्या मिठाच्या ग्राइंडरमधील सदोष भाग आणि खोक्यावरील दिशाभूल करणारा मजकूर

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून 2 फेब्रुवारीला 1,450 रुपयांना घेतलेल्या ग्राइंडरमधून 14 एप्रिलपासून मिठाबरोबर तपकिरी ठिपके पडू लागले. दुसऱ्या दिवशी फोटोंसह ई-मेल केला. उत्तर यायला नऊ दिवस लागले आणि ते तीन ओळींचे आहे: ओलसर मीठ व दमट हवेमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, मिठात तांदळाचे दाणे टाकावेत, ग्राइंडर नळाखाली धुऊन घ्यावा. या तिन्ही ओळी मला मान्य नाहीत.

आधी हवेचे पाहू. फेब्रुवारी ते एप्रिल हे सोलापुरातले कोरड्यात कोरडे महिने. जिल्हा पर्जन्यछायेतला, दुपारचा पारा एप्रिलमध्ये चाळिशीपलीकडे. शुद्ध मीठ हवेतले पाणी ओढून पाझरू लागते ते आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेल्यावर. वापरलेले मीठ सैंधवाचे, 2 ते 4 मिलिमीटरचे कोरडे खडे होते. मिठागरातले खडे मीठ मुद्दाम टाळले, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश राहतो आणि ते बरेच आधी ओलावते. एवढे करूनही सोलापुरात दहा आठवड्यांत गंज चढत असेल, तर रत्नागिरीच्या गिऱ्हाईकाला आपण काय उत्तर देता?

गंज कुठे आहे ते खोलून पाहिले. वरची गोल मूठ सोडवली, चौकोनी दांडा बाहेर काढला. फिरणारा शंकू आणि भोवतीचे कडे दोन्ही खरोखर सिरॅमिकची आहेत, त्यांवर ओरखडाही नाही. सिरॅमिकला मीठ काही करू शकत नाही, त्याबद्दल तक्रार नाही. गंजली आहे ती शंकूवरची स्प्रिंग आणि दांड्याचे खालचे साधारण 2 सेंटीमीटर, म्हणजे नेमके तेच भाग ज्यांच्या भोवती मिठाचा चुरा कायम अडकून बसतो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के सिरॅमिक यंत्रणा, कधीही गंजणार नाही’ असे छापले आहे. दांडा आणि स्प्रिंग यंत्रणेत येत नसतील, तर शंकू फिरतो कशावर?

माहितीपत्रकात या भागांसाठी नुसते ‘स्टेनलेस स्टील’ लिहिले आहे, त्याची प्रत (ग्रेड) दिलेली नाही. भांड्यांचे नेहमीचे 304 प्रतीचे स्टील मिठापुढे सुरक्षित नसते. मिठातले क्लोराइड त्याच्या वरच्या संरक्षक थराला जागोजाग भोके पाडते. 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेले 316 प्रतीचे स्टील त्यामानाने पुष्कळ टिकते. स्प्रिंग चुंबकाला चिकटते, पण तो पुरावा मी धरत नाही, कारण 304 ची तार न तापवता ओढून बारीक केली की तीही थोडी चिकटते. मात्र इथे भोके नाहीत, सगळ्या वेटोळ्यांवर सारखा लाल गंज आहे, आणि तसा गंज साध्या पोलादावर येतो. मिऱ्याच्या ग्राइंडरमध्ये ती स्प्रिंग वर्षानुवर्षे चालली असती. मिऱ्याची यंत्रणा तशीच उचलून फक्त चक्की सिरॅमिकची घातली असावी, असा माझा दाट संशय आहे.

गंजाने दळणही बिघडले. वरची गोल मूठ आवळली की शंकू कड्यात वर ओढला जातो, फट कमी होते, मीठ बारीक पडते. सैल केली की स्प्रिंगने त्याला खाली ढकलायचे असते. स्प्रिंग अडकल्यामुळे मूठ सैल केली तरी शंकू जागचा हलत नाही.

दुसरा दोष पहिल्या दिवसापासूनचा आहे. दांडा ज्या प्लॅस्टिकच्या बुशमधून (दांड्याला धरून ठेवणाऱ्या कड्यातून) जातो ते सैल आहे, बोटाने हलवले की दांडा डुलतो. जात्याची मधली मेख सैल झाली की पीठ एका अंगाने भरड पडते, तोच प्रकार. शंकू एका बाजूला कड्याला घासतो आणि समोरच्या बाजूची फट मोठी राहते. सर्वांत बारीक खुणेवर 10 ग्रॅम मीठ दळून रव्याच्या चाळणीतून काढले, तर जवळपास 4 ग्रॅम वर राहिले. शेंगा चटणीला असे मीठ चालत नाही, खडा दाताखाली येतो.

आता आपला सल्ला. डब्यात तांदूळ ठेवतात ते ठीक, पण ग्राइंडरमध्ये ते खड्यांबरोबर चक्कीत जातात, भरडले जातात आणि त्यांचा भुगा चक्कीच्या दातांत बसतो. नळाखाली धुणे त्याहून वाईट: कड्यामागे पाणी राहते, उरलेले मीठ विरघळून दांड्याभोवती खारे पाणी साचते. म्हणजे गंजण्याची रीतसर सोय. असा ग्राइंडर कोरड्या ब्रशने झाडायचा असतो. वाफाळत्या कढईवर धरू नये, ही खरी उपयोगी सूचना मात्र माहितीपत्रकात कुठेच नाही.

माझ्या मागण्या:

1. पूर्ण 1,450 रुपये परत करावेत, किंवा दांडा व स्प्रिंग 316 प्रतीची आणि बुश घट्ट असलेला ग्राइंडर द्यावा. त्याच बनावटीचा दुसरा नग नको.
2. खोक्यावरून व संकेतस्थळावरून ‘शंभर टक्के सिरॅमिक’ आणि ‘कधीही गंजणार नाही’ हे शब्द काढावेत, प्रत्येक भाग कशाचा आहे ते लिहावे.
3. माहितीपत्रकातली धुण्याची सूचना बदलावी.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. पोच चुकलीच आहे, महिना 15 मे रोजी संपतो. तोपर्यंत निर्णय न कळल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो तिथे ती करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

ग्राइंडर खोललेल्या अवस्थेत, न पुसता, हवाबंद पिशवीत ठेवला आहे. आपला माणूस नेण्यास आला तर पोचपावती घेऊनच दिला जाईल.

सोबत: बिलाची प्रत, स्प्रिंग व दांड्याचे फोटो, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो, 24 एप्रिलच्या आपल्या ई-मेलची प्रत.

आपला,
(सही)
ग्राहक, सोलापूर