चार फुटी खाऱ्या पाण्याचा टँक: सम्पची चुकीची बांधणी आणि सदोष स्टँडबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: कोटेशनप्रमाणे माल न देणे, सदोष जोडणी आणि त्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळण्याबाबत

महोदय,

माझ्या तक्रारीवर आपल्या ग्राहक सेवेने गेल्या आठवड्यात दोन ओळींचे ई-मेल पाठवले: "वीजपुरवठा खंडित झाल्याने झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही. कस्टम ऑर्डर असल्याने माल परत घेता येणार नाही." सोबतचे फोटो उघडूनही न पाहता हे उत्तर लिहिले गेले असावे, अशी मला दाट शंका आहे. म्हणून आता सगळे सविस्तर लिहून स्पीड पोस्टाने पाठवत आहे. कोटेशन, बिल, फोटो आणि दुरुस्तीच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत.

माझ्याकडे आधी दोन फुटी मरीन टँक होता, साधारण १२० लिटरचा. त्यात क्लाऊनफिशची जोडी, एक ॲनेमनी (समुद्रफूल), एक क्लीनर श्रिंप आणि थोडे शंख-खेकडे होते. काही वर्षे हा संसार नीट चालला. पण छोट्या टँकमध्ये खाऱ्या पाण्याला सांभाळणे म्हणजे सतत जिवाला घोर. पुण्याच्या मे महिन्यात दोन दिवस पाणी भरायला विसरा, बाष्पीभवनाने क्षार वर चढलेच. पाणी जितके जास्त, तितके बदल सावकाश होतात, एवढ्याच साध्या कारणासाठी मी चार फुटी टँक घ्यायचे ठरवले. ४८ बाय २४ बाय २४ इंच, खाली सम्प, म्हणजे वरचे पाणी उतरून येते ती टाकी, त्यात घाण काढणारा स्किमर आणि पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप, बाजूला पाणी थंड ठेवणारा चिलर. टँक, स्टँड, सम्प आणि पाइपिंग मिळून एक लाख चाळीस हजार रुपये आपल्याला दिले, तेही निम्मे आगाऊ.

आधी चांगले काय ते सांगते. काच चोख आहे. १२ मिमी सांगितली होती, १२ मिमीच निघाली. कडा पॉलिश केलेल्या, सिलिकॉनमध्ये एक बुडबुडा नाही. ज्या कारागिराने ती जोडली त्याला माझा नमस्कार सांगा. (आपल्या विक्री प्रतिनिधीचा "बाटलीतले बॅक्टेरिया ओता आणि उद्या मासे सोडा" हा सल्ला मी ऐकला नाही. जुने लाइव्ह रॉक (पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू वसलेले दगड) खाऱ्या पाण्यातच ठेवून नव्या टँकमध्ये हलवले आणि अमोनिया, नायट्राइट शून्यावर येऊन टिकेपर्यंत थांबले. त्यामुळे त्या बाबतीत तक्रार नाही.)

तक्रार काचेच्या खालच्या सगळ्याची आहे.

मे महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या भागात वीज गेली. दुपारी ऑफिसात खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, "अगं, आमच्या बेडरूमच्या छताला ओल धरलीये. तुझा नळ चालू राहिला का?" मी तीनपर्यंत घरी पोहोचले. हॉलमध्ये पाणी पसरलेले, आणि चाखून पाहायची गरज नव्हती, कडेने वाळत आलेल्या पाण्याची पांढरी रेघ टाइलवर उमटली होती. सम्प काठोकाठ भरलेला. वरच्या टँकमधले पाणी पाच सेंटिमीटर उतरून नेमके रिटर्न नोजलच्या, म्हणजे पंपाचे पाणी टँकमध्ये सोडणाऱ्या नळीच्या, तोंडाशी थांबले होते.

हे का झाले ते कोणत्याही मरीन टँकवाल्याला सांगावे लागत नाही, पण आपल्या ई-मेलवरून आपल्याला सांगावे लागेल असे दिसते. पंप बंद पडला की रिटर्नच्या पाइपात सायफन तयार होतो आणि वरचे पाणी उलट खाली यायला लागते. नोजलचे तोंड उघडे पडून त्यात हवा शिरेपर्यंत ते थांबत नाही. आपल्या तंत्रज्ञाने नोजल पाण्याखाली पाच सेंटिमीटरवर बसवले आहे. टँकची आतली मापे धरली तर पाच सेंटिमीटर म्हणजे ३५ लिटर पाणी. सम्प ७६ बाय ३८ सेंटिमीटरचा; त्यावर "वॉटर लेव्हल" म्हणून जो निळा स्टिकर आपल्याच माणसाने लावला, तो काठापासून सात सेंटिमीटर खाली आहे. म्हणजे रिकामी जागा २० लिटरची. वरून येणार ३५, खाली मावणार २०. उरलेले १५ लिटर जमिनीवर जाणार हे टँक बसवला त्या दिवशीच ठरलेले होते.

यावर उपाय म्हणजे नोजलला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक. पाणी थोडे उतरले की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. खर्च शून्य. मी बसवतानाच तंत्रज्ञाला विचारले होते. "मॅडम, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकलाय, भोकाची गरज नाही, उगाच पाणी उडत राहतं," असे उत्तर मिळाले. (हा व्हॉल्व्ह म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप.) एप्रिलमध्ये एक-दोनदा पाच-दहा मिनिटे वीज गेली तेव्हा त्या व्हॉल्व्हने पाणी धरलेही. पण खाऱ्या पाण्यात झडपेवर कॅल्शियमचा थर बसतो, वाळू जाते, एखादी गोगलगाय मुक्काम ठोकते. अशा व्हॉल्व्हवर घर सोडून जायचे नसते.

आमच्या बाबतीत तर गोगलगायीवरही दोष ढकलता येणार नाही. आपल्या माणसाने व्हॉल्व्हला युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारा जोड, बसवलेले नाही, त्यामुळे तो उघडायचा तर पाइप कापण्यावाचून गत्यंतर नव्हते. प्लंबरने माझ्यासमोर पाइप कापला, व्हॉल्व्ह उलटा धरून झडप दाबली, तर ती पूर्ण मिटेना. बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा झडप आणि तिच्या कडेच्या मध्ये पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा बोटभर लांब धागा अडकलेला दिसला. जोडणीच्या आट्यांवर गुंडाळलेल्या टेपचे सुटलेले टोक, आत वाहत येऊन तिथे बसलेले. फोटो क्रमांक ३ पाहावा. व्हॉल्व्ह तसाच पिशवीत जपून ठेवला आहे, कोणालाही दाखवू शकते.

नंतर प्लंबरकडून नोजलला ४ मिमीचे भोक पाडून घेतले आणि पंप मुद्दाम बंद करून पाहिला. सम्पमधले पाणी चार सेंटिमीटरच्या आत चढून थांबले. काम दहा मिनिटांचे होते.

आता आपल्या "वीजपुरवठा खंडित" या मुद्द्याकडे वळते. वीज जाणे ही भूकंपासारखी आपत्ती आहे का? पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते, आणि आपले दुकान पुण्यातच आहे. लिफ्ट बांधणाऱ्याने "वीज गेली म्हणून ती खाली कोसळली, आमचा दोष नाही" असे म्हटले तर चालेल का? सम्प असलेल्या टँकमध्ये वीज जाईल हे धरूनच मापे ठरवायची असतात. ती ठरवण्याचेच तर पैसे मी आपल्याला दिले.

याहून गंभीर बाब पुढे आहे. सगळ्या उपकरणांचा एक्स्टेन्शन बोर्ड आपल्या माणसाने स्टँडच्या कपाटात तळाच्या फळीवर, सम्पला खेटून स्क्रूने ठोकला होता. सांडलेले खारे पाणी आधी त्यावरच गेले. चारच्या सुमारास वीज आली आणि त्याच क्षणी घरचा ईएलसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला. तो नसता तर ओल्या फरशीवर उभी राहून मी त्या कपाटात हात घातला असता. या वाक्याचा अर्थ आपण शांतपणे लावावा. दुसऱ्या दिवशी बोर्ड उघडला तेव्हा सॉकेटच्या भोकांत मीठ साठलेले आणि आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडलेल्या होत्या. पाण्याच्या टँकजवळ बोर्ड वर, बाजूच्या भिंतीवर लावायचा आणि प्रत्येक वायर आधी खाली झुकवून मग सॉकेटकडे न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी खालीच टपकते, हे कोणताही इलेक्ट्रिशियन सांगेल. माझ्या इलेक्ट्रिशियनने बोर्ड हलवून संध्याकाळी सहाला पंप चालू करून दिला. तोवर पाण्याचे तापमान २६ वरून ३१ अंशांवर गेले होते. बॅटरीवरचा एअर पंप होता म्हणून निभावले. सम्पमधले पाणी कमी झालेले असल्याने ऑटो टॉप-ऑफने (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्राने) त्याजागी गोडे पाणी भरले असते. ते मी आधी बंद केले आणि लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने मीठ कालवून सांडले तेवढे खारे पाणी परत घातले.

क्लाऊनफिश आणि ॲनेमनी वाचले. क्लीनर श्रिंप दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेला आढळला. त्याची भरपाई मी मागत नाही. तो उष्णतेने गेला, ऑक्सिजन कमी पडून गेला की आणखी कशाने, हे मला सिद्ध करता येणार नाही, आणि जे सिद्ध करता येत नाही ते मी पत्रात मांडत नाही.

स्टँडचे मात्र सिद्ध करता येते. मला लोखंडी अँगलचा स्टँड हवा होता. "खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं, मरीन प्लाय घ्या, आयुष्यभर बघायला नको" असे म्हणून आपल्या प्रतिनिधीने माझे मन वळवले. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिले आहे: "१८ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१०." एका सांडण्यात तळाची फळी चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगली. लॅमिनेट सुटून आला, आणि आत प्लायचे एकावर एक थर नसून लाकडाचा चुरा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड निघाला. १८ मिमीची कड आज व्हर्नियरवर २३ मिमी भरते. दाबले तर नखाने भुगा पडतो. खरा आयएस ७१० प्लाय पाण्यात उकळूनही सुटू नये अशीच त्या मानकाची अपेक्षा असते.

त्या फळ्यांवर किती वजन आहे याचाही हिशेब करा. पाणी, काच, दगड, वाळू आणि सम्प मिळून साडेसहाशे-सातशे किलो. घराच्या स्लॅबचे गणित दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचे असते, म्हणून मी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून टँक बीमला लागून, भिंतीकडे घेतला. जमिनीची काळजी मी घेतली; जमीन आणि काच यांच्या मधली जबाबदारी आपली होती. आज स्टँडचा डावा पुढचा कोपरा ४ मिमी खाली बसला आहे. टँक असा पिळला गेला की ताण सिलिकॉनच्या सांध्यावर येतो, आणि सांधा सुटला तर या वेळी १५ लिटरवर भागणार नाही. सध्या पाणी निम्मे उतरवून कोपऱ्याखाली लाकडी पाचर मारली आहे. घरात सत्तरीच्या सासूबाई आहेत; त्या बाजूने जाऊ नका असे त्यांना सांगून ठेवावे लागते.

"कस्टम ऑर्डर परत घेत नाही" हे मला मान्य आहे, जर मी रंग आवडला नाही म्हणून परत करत असेन. कोटेशनमध्ये एक आणि घरात दुसरेच, याला कस्टम ऑर्डर म्हणत नाहीत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलाखाली बारीक अक्षरात काहीही छापले म्हणून ती बदलत नाही.

माझ्या मागण्या अवाजवी नाहीत. स्टँड आपल्या खर्चाने बदलून द्यावा: एकतर आयएस ७१० प्लायचा, लॅमिनेट चढवण्याआधी प्लायवरचा शिक्का मला दाखवून, नाहीतर पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी चौकटीचा. आता माझी पसंती चौकटीलाच आहे. टँक रिकामा करणे, जीव तात्पुरते हलवणे आणि पुन्हा बसवणे हे काम आपल्या माणसांनी माझ्या समोर करावे. लाइव्ह रॉक एक मिनिटही नळाच्या पाण्यात जाता कामा नये. सम्पची पाण्याची रेघ नव्याने आखून पंप बंद करून चाचणी द्यावी, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह युनियनसह नवा बसवावा. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि काकूंच्या छताची रंगरंगोटी मिळून अकरा हजार चारशे रुपये झाले, ते द्यावेत. काकूंनी स्वतः काहीच मागितलेले नाही, पण त्यांच्या छतावरचा डाग मला रोज जिन्यात भेटतो.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि तक्रार मी राहते त्या जिल्ह्यातच करता येते, त्यामुळे मला ते फारसे अवघड नाही.

पाहणीसाठी माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करावा. त्याने येताना स्वतःची स्पिरिट लेव्हल आणावी. मागच्या वेळी टँक माझ्या लेव्हलवर बसवला आणि जाताना ती चुकून आपल्या माणसांच्या पेटीत गेली. तीही परत मिळावी.

आपली,
एक ग्राहक
सहकारनगर, पुणे