गुलमर्गला निघालेल्या मित्रास पत्र

पुणे, २८ डिसेंबर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. आठ वर्षांची धाकटी स्नोबोर्डवर पहिल्यांदाच उभी राहणार, तेरा वर्षांचा थोरला गेल्या वर्षी पाच दिवस शिकून आलेला, आणि तुला दोघांसाठी मिळून एकच शिक्षक हवा आहे. हे करू नकोस. पोहायला शिकवताना एक पोर काठाला धरून पाय मारतंय आणि दुसरं खोल पाण्यात आहे, तर मास्तरांनी उभं राहायचं कुठे? तेच इथे होईल. पैसे वाचवायचेच असतील तर थोरल्याचे तास कमी कर, धाकटीचे नको.

फेब्रुवारीचा मध्य निवडलास हे छान. चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मीरमधल्या सगळ्यात कडक थंडीचे, चाळीस दिवस जानेवारीअखेर संपतात, त्यानंतर थंडी मुलांना सोसवेल इतकी उतरते आणि बर्फही भरपूर असतो. गुलमर्गच्या वाटेवर टंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते, ती आधी ठरवून ठेव. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. पोचल्याच्या दिवशी बोर्ड नको, नुसतं हिंडा आणि पाणी पाजत राहा. थकव्यात डोकं दुखणारं पोर दुसऱ्या दिवशीही काही शिकत नाही.

शिक्षक ठरवताना एक प्रश्न आधी विचार: तुम्ही स्वतः बोर्डावर असणार, की स्कीवर उभं राहून शिकवणार? तिथे स्की शिकवणारे पुष्कळ आहेत, स्नोबोर्डचे त्या मानाने कमी, आणि दोन्हींचा तोल अगदी वेगळा. स्कीवर पाय सुटे असतात, तोंड उताराकडे. बोर्डावर दोन्ही पाय जखडलेले आणि अंग आडवं. गटात चार-पाचांपेक्षा जास्त मुलं असतील तर धाकटीचा निम्मा वेळ बर्फात बसून वाट बघण्यात जाईल, आणि बसल्याबसल्या ती ओली होईल. तिला दिवसाला दोन तास पुरेत, मध्ये चाळीस मिनिटांनी गरम काहीतरी प्यायला थांबायचं. थोरल्याला सकाळी दोन आणि दुपारी एक चालेल. दुपारचा शेवटचा फेरा मात्र नको म्हण. मांड्या थकलेल्या असतात, बर्फ मऊ होऊन पुन्हा कडक होऊ लागलेला असतो, आणि हाडं मोडायची ती तेव्हाच.

आता सामान. भाड्याचा बोर्ड ताठ उभा धरून मुलाच्या अंगाशी लाव. धाकटीच्या गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंत आला तर बरोबर, हनुवटीच्या वर गेला तर मोठा. दुकानदार हमखास लांब देतो, 'वाढत्या अंगाला' म्हणून. शाळेचा गणवेश तसा घेतला तर चालतो, बोर्ड नाही. लांब बोर्ड हलक्या पोराच्या पायाने वळतच नाही. थोरल्याला हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान चालेल, पण शेवटचा शब्द वजनाचा, म्हणून बोर्डावर लिहिलेली वजनाची मर्यादा वाच. धाकटीसाठी मधोमध हाताने दाबल्यावर सहज लवणारा, मऊ बोर्ड माग.

बूट सगळ्यात महत्त्वाचे. ताठ उभं राहिल्यावर बोटं टोकाला जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरकावीत, आणि टाच उचलायचा प्रयत्न केला तरी उचलली जाऊ नये. टाच उचलली जात असेल तर बोटांवर दिलेला जोर बोर्डापर्यंत पोचत नाही, आणि पोर म्हणतं 'मला जमत नाही'. मोजे एकच जोडी, लांब. दोन घातले की घडी पडते, पाय दाबला जातो आणि थंडी जास्तच वाजते. बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणारे पट्टे, यांच्यातलं अंतर खांद्यांएवढं, कोन पुढच्या पायाला अधिक बारा ते पंधरा, मागच्याला उणे सहा ते बारा, म्हणजे पाय बदकासारखे किंचित बाहेर. बाइंडिंगची बुटामागची पाठपट्टी आधी सरळच ठेव. बाइंडिंगच्या चकतीचे स्क्रू वापरात ढिले होतात, म्हणून फुली डोक्याचा मोठा स्क्रूड्रायव्हर बरोबर ने आणि रोज सकाळी आवळ.

कुठला पाय पुढे ते इथूनच ठरव. गुळगुळीत लादीवर मोजे घालून दोन पावलं पळत येऊन घसरायला सांग. चार-पाच वेळा करून बघ, न विचार करता जो पाय पुढे जातो तो तिचा पुढचा पाय. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा पुढे असेल तर गूफी. उजव्या हाताने लिहिते म्हणून डावा पाय पुढे, असं काही नसतं.

हेल्मेट स्वतःचं न्या, भाड्याच्या ठिकाणी मुलांची मापं मिळतीलच असं नाही. भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे. मनगटाची कवचं दोघांनाही हवीत. नवशिक्याला होणाऱ्या इजांत मनगट आघाडीवर असतं, कारण पडताना हात आपोआप मागे टेकतो. स्केटिंगची कवचं मोठ्या, पंजाच्या (चारही बोटं एकत्र राहणाऱ्या) हातमोज्यांत बसतात, पण घरी घालून बघ. धाकटीला बोटांचे सुटे मोजे नकोत, पंजाचेच. वरची पॅंट पाणी न शिरणारी असावी, कारण पहिले दोन दिवस ती बसलेलीच असणार. गॉगल्स विसरू नकोस. उंचीवर ऊन तिखट असतं आणि ताजा बर्फ त्यातलं बरंचसं परत तोंडावर फेकतो, म्हणून नाकाखाली आणि हनुवटीखालीही सनस्क्रीन लाव.

धाकटीचा क्रम असा असावा, आणि शिक्षक याच्या पुढे उडी मारू लागला तर नम्रपणे थांबव. पहिल्या तासाला गोल्फ कोर्सच्या बाजूच्या जवळजवळ सपाट जागी फक्त पुढचा पाय बांधून ढकलत चालणं, मागचा पाय बोर्डावर ठेवून चार-पाच मीटर घसरणं, आणि पडणं. पुढे पडली तर मुठी मिटून गुडघे आणि कोपरापर्यंतचे हात टेकवायचे. मागे पडली तर हनुवटी छातीला लावून, आधी बसून मग पाठीवर गोल व्हायचं, हात छातीशी. हे दहादा मुद्दाम करून घ्यावं.

मग दोन्ही पाय बांधून टाचेच्या कडेवर साइडस्लिप. बोर्ड उताराला आडवा, तोंड दरीकडे, टाचेकडची कड बर्फात रुतवून हळूहळू खाली. ती कमरेत वाकेल, खुर्चीत बसल्यासारखी. कंबर नाही, गुडघे आणि घोटे वाकवायचे, आणि नजर पायांकडे नाही तर समोर. नंतर तेच बोटांच्या कडेवर, तोंड डोंगराकडे, पाठ दरीकडे. इथे मुलं घाबरतात, म्हणून शिक्षक ही पायरी पटकन उरकतात. माझ्या मते आठवड्यातली सगळ्यात मोठी चूक हीच. टाचेची कड पक्की आणि बोटांची कच्ची राहिली की पोर वळताना अर्ध्यावर अडकतं. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून, पोट पुढे, असं उभं राहायचं. बूड मागे काढलं की कड सुटते. शिक्षकाने समोर उभं राहून दोन्ही हात धरावेत, आणि दोन्ही कडा सारख्या होईतो पुढे जाऊ नये.

त्यानंतर फॉलिंग लीफ, पिंपळाचं पान गळताना झुलतं तसं. एकाच कडेवर डावीकडे, मग उजवीकडे, ज्या बाजूला जायचं त्या पायावर वजन. मग अर्धी वळणं, म्हणजे बोर्डाचं नाक उताराकडे वळवून पुन्हा त्याच कडेवर परत. पूर्ण वळण त्यानंतर.

पूर्ण वळणात नेमकं काय बिघडतं ते सांगतो. पाणी ओतलं तर जिथे वाहील त्या दिशेला बोर्डाचं नाक येतं, तो क्षण भीतीचा. पोर मागे झुकतं, पुढच्या टोकावरचा भार जातो, बोर्ड वळायचं नाकारतो, मग ती मागच्या पायाने शेपूट झाडते. उपाय सोपा आहे: वजन पुढच्या पायावर, पुढचा हात जायच्या दिशेला, बोर्ड सपाट झाल्यावर मनात 'एक, दोन' म्हणून मगच नवी कड. घाईने किंवा चुकीची कड लावली, म्हणजे दरीकडची कड बर्फात शिरली, की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि अंग आपटतं. याला एज लागणं म्हणतात, आणि हेल्मेट त्यासाठीच.

थोरल्याची पातळी दिवसांवरून मोजू नकोस. शिक्षकाला तीन गोष्टी बघायला सांग: दहा वळणं सलग होतात का, शिट्टी वाजली की दोन्ही कडांवर थांबता येतं का, आणि मागे उरलेली रेघ कशी आहे. रेघ हातभर रुंद, खरवडलेली असेल तर तो घसरत वळतो आहे, आणि तेरा वर्षांची पोरं त्यालाच 'येतंय' समजतात. त्याला सौम्य उतारावर ठेवून वळण पूर्ण करायला लावावं, अगदी बोर्ड आडवा होईपर्यंत. वेग वळणाच्या आकाराने आवरायचा असतो, ब्रेक मारून नाही. मग आधी पुढचा पाय झुकवून, त्यामागून मागचा, असा बोर्डाला पीळ देऊन वळायचं. नंतर कार्व्हिंग, म्हणजे रेघ पेन्सिलीसारखी बारीक. रोज वीस मिनिटं स्विच, मागचा पाय पुढे करून, अगदी नवशिक्यासारखं. उडीचा हट्ट धरेल. सपाटीवर ऑली, म्हणजे बोर्डाची शेपूट दाबून मारलेली छोटी उडी, आणि जागेवर १८० अंशांचं वळण, एवढंच. स्विचमध्ये तो न अडखळता उतार उतरेपर्यंत, उडीसाठी तयार केलेल्या उंच ढिगावर जाऊ देऊ नकोस.

गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरच्या पाळण्याच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवाट शिखराकडे, ३,९०० मीटरच्या वर, फोटोसाठी जा खुशाल, पण बोर्ड खाली ठेवून. वरचा बहुतेक उतार यंत्राने सारखा न केलेला, हिमस्खलनाच्या धोक्याचा आहे. थोरला गयावया करेल, तरी नाही.

तू स्वतः उताराच्या कडेला उभा राहून सूचना देऊ नकोस. बाप आणि शिक्षक एकाच वेळी ओरडले की पोर दोघांकडेही बघतं आणि पडतं. एका फेऱ्याला एकच दुरुस्ती, ती शिक्षकाची. थोरल्याचे मोबाइलवर चित्रण कर, पण दाखव संध्याकाळी, खोलीवर.

दोघांची उंची, वजन, सेंटिमीटरमधलं पावलाचं माप आणि लादीवरच्या घसरण्याचा निकाल कळव, म्हणजे बोर्डांची लांबी आत्ताच ठरवून टाकू.

तुझाच