तापास बारमध्ये मुलं चालतात, फक्त घड्याळ आणि हॅम सांभाळा

संपादक महोदय,

सुटीतल्या युरोप सहलींवरच्या आपल्या पुरवणीत ‘स्पेनमधले तापास बार मुलांसोबत टाळावेत’ असा एका ओळीचा सल्ला होता. काळजीपोटीच दिला असणार. सोलापुरात बार म्हटलं की काळ्या काचेचा दरवाजा आणि परमिट रूमची पाटी डोळ्यांपुढे येते. स्पेनमधला तापास बार, म्हणजे छोट्या बशांतून खाण्याचे पदार्थ देणारा बार, तसा नसतो. सकाळी तिथे आजोबा कॉफी घेत पेपर वाचतात, शाळेला निघालेलं पोर टोस्ट खातं आणि संध्याकाळी सगळं कुटुंब येतं. अठरा वर्षांखालच्यांना दारू देत नाहीत, पण आईवडिलांबरोबर आलेल्या मुलाला कुणी हटकत नाही. जानेवारी 2011 पासून बारच्या आत धूम्रपानाला बंदी आहे. बाहेरच्या टेबलांवर मात्र लोक बिनदिक्कत ओढतात, त्यामुळे तान्हं मूल असेल तर उलट आत बसलेलं बरं.

अडचण बारची नाही, वेळेची आहे. तिथलं दुपारचं जेवण दोन ते चार आणि रात्रीचं नऊनंतर. मधल्या काळात बार उघडा दिसतो, माणसं बसलेली दिसतात, पण स्वयंपाकघर पुष्कळदा बंद असतं. साडेसहाला दोन भुकेली मुलं घेऊन आत शिरलं तर ऑलिव्ह, बटाट्याचे वेफर आणि काचेआडचे थंड पदार्थ यापलीकडे फारसं हाती लागत नाही. म्हणून बसण्याआधीच ‘कोथीना आब्येर्ता?’, म्हणजे स्वयंपाकघर सुरू आहे का, एवढं विचारून घ्यावं. त्यात उन्हाळ्यात तिथले रात्रीचे नऊ म्हणजे आपले साडेबारा. पहिले दोन-तीन दिवस मुलं सातलाच पेंगतात, आणि मे अखेरीस माद्रिदला सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळत असल्यामुळे मोठ्यांना वेळेचा पत्ताच लागत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे दिवसाचं मुख्य जेवण दुपारी उरकणं. दीडला पोचलात तर टेबल मिळतं आणि वेटरला बोलायला सवड असते. अडीचला गेलात तर दोन्ही नाही. सहाच्या सुमारास तिथल्या मुलांचं मधलं खाणं असतं, त्याला मेरिएंदा म्हणतात. घट्ट चॉकलेटात बुडवून खायचे चुरोस तेव्हा द्यावेत. पीठ, पाणी आणि मीठ एवढंच कालवून सोऱ्यातून तेलात सोडलेला हा प्रकार आपल्या मुलांना परका वाटत नाही. मग आठ-साडेआठला, स्वयंपाकघर सुरू असेल तिथे, दोन-तीन तापास घेऊन मुक्कामी परतावं. चौकात अकरा वाजताही तिथली पोरं चेंडू खेळताना दिसतील. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत आपली पोरं त्या वेळी पाळण्यात बसलेली असतातच, तेव्हा नवल करायला नको.

आता मागवण्याचं. तापा म्हणजे दोन-चार घासांची बशी, मेद्या राथ्योन म्हणजे अर्धी प्लेट आणि राथ्योन म्हणजे तीन-चार जणांत वाटून खायची पूर्ण प्लेट. सगळे पदार्थ सगळ्याच मापांत मिळत नाहीत, आणि काही बारमध्ये काउंटरवर तापा मिळतो, टेबलावर बसलं की फक्त राथ्योन. आपल्याकडची माणसं एकदम सहा पदार्थ सांगून मोकळी होतात. मग सगळं एकाच वेळी येतं, निम्मं गार होतं आणि मुलं बटाट्यावरच पोट भरतात. चौघांच्या कुटुंबाने सुरुवातीला तोर्तियाची एक प्लेट, टोमॅटो चोळलेला पाव आणि पातातास ब्रावास, म्हणजे सॉस घातलेले तळलेले बटाटे, एवढंच सांगावं. ब्रावासचा सॉस ‘आपार्ते’, म्हणजे वेगळ्या वाटीत मागावा. तिथे तो तिखटात मोडतो, सोलापूरच्या जिभेला काहीच नाही. पण लहान्यांना नुसते बटाटे आवडतात. हे संपत आलं की पुढचे दोन पदार्थ सांगावेत. तिथली रीतही तीच आहे.

तोर्तिया म्हणजे मेक्सिकोची पोळी नव्हे, हेही सांगायला हवं. स्पेनची तोर्तिया म्हणजे अंडी आणि बटाट्याचा, बहुतेकदा कांदा घातलेला, जाडजूड ऑम्लेट-वडा. पुष्कळ ठिकाणी तो मधे ओलसर ठेवतात. मुलांसाठी ‘ब्येन क्वाहादा’, म्हणजे नीट आळलेला, असं सांगावं. काउंटरवर कापून ठेवलेली तोर्तिया कडेने बघितली की किती शिजली आहे ते कळतं; कापाच्या मध्यातून पिवळा ओघळ दिसला तर दुसरी मागावी.

खरा खोडा शाकाहाराचा आहे. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढंच सांगितलं तर हॅम (डुकराचं खारवलेलं मांस) आणि टूना मासा येऊ शकतात, कारण अनेकांच्या लेखी कार्ने म्हणजे मटणाचा तुकडा. हॅमची कातरण ही वरची सजावट. म्हणून एकेक नाव घ्यावं: सिन हामोन, सिन आतून, सिन पेस्कादो, म्हणजे हॅम नको, टूना नको, मासा नको. प्रत्येक पदार्थाला ‘येवा हामोन?’, यात हॅम आहे का, असं विचारलं तर कुणी वाईट मानत नाही. फसवणारे पदार्थ ठरलेले आहेत. क्रोकेतास बाहेरून बटाट्याच्या कटलेटसारखी दिसतात, पण आत दूध-मैद्याचा घट्ट बेशामेल सॉस असतो आणि त्यात बहुधा हॅम. ‘सँडविच वेहेताल’ हे नाव वाचून शाकाहारी समजू नये. त्यात टूना किंवा अंडं हमखास असतं. एनसालादिया रुसा या बटाट्याच्या सॅलडमध्ये टूना, साल्मोरेखो या टोमॅटोच्या गार सुपावर अंडं आणि हॅम. हिरव्या ऑलिव्हमध्ये भरलेलं सारण पुष्कळदा अँचोव्ही मासळीचं असतं. शिवाय कालामारेस, म्हणजे पिठात तळलेली माकुळाची वेटोळी, हुबेहूब कांद्याच्या भज्यांसारखी दिसतात. पोरं आधी उचलतात आणि मग विचारतात. काटेकोर शाकाहारी कुटुंबांनी तळणीचंही विचारावं, कारण बटाटा आणि माकूळ एकाच तेलात जाण्याचा संभव दांडगा.

बिनधास्त खाता येईल असंही बरंच आहे. सेव्हिल्यात पालक आणि काबुली चण्याचा तापा मिळतो. त्यात जिरं असतं आणि त्या वासानेच अर्धी लढाई जिंकली जाते. मांसाच्या रश्शात शिजवला नाही ना, तेवढं विचारावं. कोर्दोबात वांग्याचे काप पिठात घोळवून तळतात आणि वरून ‘मिएल दे कान्या’ सोडतात. नावात मध असला तरी ती उसाची काकवी आहे. मालागा प्रांतातल्या फ्रिहिलियानात ती आजही बनते. उसाच्या जिल्ह्यातल्या मुलांना हा पदार्थ समजावून सांगावा लागत नाही. पाद्रोनच्या छोट्या तळलेल्या मिरच्यांत बहुतेक गोड आणि एखादी तिखट निघते. मोठ्या मुलांना तो खेळ आवडतो, लहान्यांना देऊ नयेत.

ग्रानादात पेयाबरोबर तापा फुकट येतो, पुष्कळ ठिकाणी मुलांच्या ज्यूसबरोबरही. मात्र कोणता यायचा ते बहुधा बारच ठरवतो, म्हणून पेय सांगतानाच शाकाहारी असल्याचं सांगावं. बशी आल्यावर सांगून उपयोग नसतो. मुलांसाठी ताज्या संत्र्याचा रस किंवा मोस्तो मागवावा. मोस्तो हा द्राक्षाचा बिनदारूचा रस, वाइनच्या ग्लासात येतो, त्यामुळे पोरं खुश. पाण्याच्या बाटलीवर पैसे घालवू नयेत. 2022 च्या कायद्याने हॉटेलवाल्यांना नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं. ‘आग्वा देल ग्रीफो’ म्हणावं.

उत्तरेकडे, सान सेबास्तियानच्या बाजूला, पावाच्या तुकड्यावर पदार्थ रचून काडीने टोचलेले पिंचोस काउंटरवर मांडलेले असतात. काही ठिकाणी शेवटी काड्या मोजून बिल करतात. चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती तो तुकडा काडीसकट देऊ नये. काडी मोठ्याने काढावी आणि आपल्या बशीत जपून ठेवावी, नाहीतर हिशेब चुकतो. जुन्या बारमध्ये कागदी नॅपकिन आणि काड्या खाली टाकायची पद्धत आहे, म्हणून रांगत्या बाळाला जमिनीवर सोडू नये. बिया असलेले ऑलिव्ह लहानांच्या घशात अडकू शकतात. ‘सिन वेसो’, बिनबियांचे, मागावेत. क्रोकेता आली की सुरीने मधोमध चिरून पाच मिनिटं ठेवावी. वरचं कवच निवलेलं लागतं, पण आतला सॉस चटका देतो. मातीच्या भांड्यात उकळत येणारी लसणाची कोळंबी टेबलाच्या मुलांपासून लांबच्या टोकाला ठेवायला सांगावी.

उंच स्टूल आणि पिंपांची टेबलं बघून बाबागाडीवाल्यांनी माघार घेऊ नये. मागच्या बाजूला बहुतेकदा साधी टेबलं असतात. लहान मुलांची उंच खुर्ची म्हणजे ‘त्रोना’. असते ती एखाद-दुसरीच, म्हणून आधी विचारावं. अ‍ॅलर्जी असेल तर युरोपीय नियमांनुसार चौदा घटकांची माहिती देणं बारला बंधनकारक आहे. शेंगदाणा त्यातलाच एक, म्हणून आपली शेंगा चटणी बारच्या टेबलावर उघडू नये. कडक भाकरी आणि चटणी मुक्कामाच्या खोलीवर मध्यरात्री उठलेल्या पोरांसाठी ठेवावी. पेढे, तूप, पनीर मात्र सोलापूरहून बांधून देऊ नये. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणू देत नाहीत, तान्ह्यांच्या दूधपावडरीला तेवढी सवलत आहे.

बिल आपणहून टेबलावर येत नाही. तिथे ते आणून ठेवणं म्हणजे उठा म्हणण्यासारखं. मुलं चुळबुळायला लागण्याआधी, शेवटची बशी आली की लगेच ‘ला क्वेंता, पोर फाव्होर’ म्हणावं. बिलात पावाचे वेगळे पैसे आणि काही ठिकाणी बाहेर बसल्याचा आकार दिसेल. तो मेनूत छापलेला आहे ना, एवढं बघावं.

– सहल आखणीचे काम करणारे काही वाचक, सोलापूर